सातशे मीटरवरून ओळखलेला माणूस

झेक प्रजासत्ताकात राहून आलेल्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, "काय काय पाहिलंस रे?" उत्तर ठरलेलं असतं. प्राग, चार्ल्स ब्रिज, ते खगोलीय घड्याळ, बिअर पाण्यापेक्षा स्वस्त वगैरे वगैरे. थोडा जास्त हिंडलेला असेल तर तेल्चचं नाव घेईल. तेल्च खरंच सुंदर आहे. लांबलचक चौक, दोन्ही बाजूंना रंगीत घरं, खाली कमानी. १९९२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं गाव, फोटो वाईट येणं शक्यच नाही. माझ्याकडेही शंभरेक फोटो आहेत.

पण माझं मत विचाराल तर विसोचिना भागात एकच गाव बघायला वेळ असेल तर तेल्च सोडा आणि पोल्नाला जा. हे मी ब्रनोमधल्या आमच्या टीममध्ये बोललो तेव्हा एका झेक सहकाऱ्यानं भुवया उंचावल्या. "पोल्ना? तिथे काय आहे?" आणि दोन सेकंदांनी, जरा हळू आवाजात, "अच्छा, ते होय..."

आजचा लेख त्या 'ते होय' बद्दल आहे. थोडा लांब होणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

* * *

आधी भूगोल. प्राग आणि ब्रनो यांच्या बरोबर मध्ये एक उंचवटा आहे, चेक-मोराव्हियन उच्चभूमी. उच्चभूमी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे कडे येतात, तसलं इथे काही नाही. सगळ्यात उंच टेकडी यावोर्झित्से, ८३७ मीटर. तिच्यापेक्षा फक्त एक मीटरनं बुटकी असलेली देवेत स्काल. म्हणजे नाव 'उच्चभूमी', पण प्रत्यक्षात जुनी, झिजलेली, गोलसर जमीन. ग्रॅनाइट आणि नाइस खडक, वर पातळ माती, स्प्रूसची जंगलं, मध्ये मध्ये तळी आणि बटाट्याची शेतं. बटाटा हे इथलं खरं पीक. हावलीच्कूव ब्रोद या जवळच्या शहरात चक्क बटाटा संशोधन संस्था आहे. हिवाळा लांब आणि कडक. झेक लोकांच्या लेखी विसोचिना म्हणजे महामार्गावर बर्फामुळे ट्रॅफिक अडकलाय अशी बातमी जिथून येते तो भाग.

पण या साध्या दिसणाऱ्या जमिनीत एक गंमत आहे. युरोपचा मोठा पाणलोट इथून जातो. पोल्ना गावातून श्लापांका नावाची छोटी नदी वाहते. ती साझावाला मिळते, साझावा व्ल्तावाला, व्ल्तावा एल्बला, आणि ते पाणी हॅम्बर्गवरून उत्तर समुद्रात जातं. जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर यिहलावा शहर आहे. तिथली यिहलावा नदी मात्र शेवटी डॅन्यूबला जाऊन मिळते, म्हणजे तिचं पाणी काळ्या समुद्रात. दोन शेजारी गावांवर एकाच ढगातून पाऊस पडतो आणि थेंबांची फाटाफूट युरोपच्या दोन टोकांना होते!

माणसांची सीमासुद्धा साधारण इथूनच गेली. बोहेमिया आणि मोराव्हिया या दोन जुन्या प्रांतांची हद्द पोल्नाच्या जवळून जाते. पोल्ना बोहेमियात. यिहलावा मोराव्हियात, आणि तेराव्या शतकात तिथे चांदी सापडल्यामुळे जर्मन भाषिक खाणकाम करणारे येऊन वसले. त्यामुळे यिहलावा आणि आजूबाजूची गावं म्हणजे झेक भाषेच्या मधोमध जर्मनचं एक बेट झालं होतं. ते बेट १९४५ नंतर संपलं. त्याच्याकडे नंतर येतो.

पोल्नाचा पहिला लेखी उल्लेख १२४२ चा. किल्ला, त्याच्या आडोशाला गाव, मग बाजार, मग शहराचा दर्जा, मध्य युरोपातली नेहमीची गोष्ट. मालक बदलत गेले. १६१८ च्या बंडात हरलेल्या सरदाराकडून जहागीर जप्त झाली आणि १६२३ मध्ये कार्डिनल डीट्रिचस्टाइननं ती विकत घेतली. पुढे विसाव्या शतकापर्यंत हेच घराणं. त्यांनी १७०० ते १७०७ या काळात इथे एक प्रचंड बरोक चर्च बांधलं. गावाची लोकसंख्या आज पाच हजारांच्या आसपास आहे आणि चर्च असं की वाटावं चुकून दुसऱ्याच शहराचा नकाशा इथे वापरला. याच घराण्यानं सतराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंसाठी वेगळी वस्ती आखून दिली, दोन छोटे चौक आणि एक सिनेगॉग. वस्ती आजही जागेवर आहे. घरं आहेत, चौक आहेत, सिनेगॉग आहे. ज्यू नाहीत.

एकोणिसावं शतक पोल्नाला फार मानवलं नाही. १८६३ मध्ये मोठी आग लागली आणि अर्धंअधिक गाव जळालं. मग विएन्ना-प्राग रेल्वे आली, पण गावाला वळसा घालून गेली. सगळ्यात जवळचं स्टेशन दोब्रोनीनला, सहा-सात किलोमीटरवर. गावापर्यंत फाटा यायला १९०४ उजाडलं. ज्याला रेल्वे मिळाली ते वाढलं, ज्याला नाही ते तिथेच राहिलं, हे गणित तेव्हा जगभर सारखंच होतं. कारागीर, दुकानदार, विणकर, शिंपी, चांभार... सगळे एकमेकांना ओळखणारे आणि सगळ्यांचं थोडं थोडं वाईट चाललेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

* * *

२९ मार्च १८९९, बुधवार, ईस्टरच्या आधीचा आठवडा. आनेझ्का ह्रूझोवा ही १९ वर्षांची मुलगी पोल्नात शिवणकाम करायची. रोज संध्याकाळी काम संपलं की ब्रझेझिना नावाच्या जंगलातून पायी आपल्या खेड्यात घरी जायची. त्या दिवशी ती पोचली नाही. १ एप्रिलला तिचं प्रेत जंगलात सापडलं. गळा चिरलेला होता.

हा इतका भाग खरा आहे. पुढचं सगळं गावानं रचलं.

त्याच आठवड्यात ज्यूंचा वल्हांडण सण चालू होता. आणि मध्ययुगापासून युरोपात एक घाणेरडी गोष्ट फिरत होती की ज्यू लोक या सणासाठी ख्रिश्चन मुलांचं रक्त वापरतात. कित्येक पोपनी आणि राजांनी शतकानुशतकं ती खोटी ठरवलेली. पण अशा गोष्टींना मरण नसतं, त्या फक्त झोपतात. प्रेताजवळ रक्त कमी दिसलं असं कोणीतरी म्हणालं. "मग रक्त गेलं कुठे?" एवढा एक प्रश्न पुरला.

पकडला गेला लेओपोल्ड हिल्सनर. वय २२, चांभाराचं काम शिकलेला पण धड कुठे टिकलेला नाही, वडील नाहीत, आई गरीब. रिकामटेकडा म्हणून गावात नाव. त्याला त्या जंगलाच्या बाजूला हिंडताना लोकांनी पूर्वी पाहिलेलं. प्रत्येक गावात असा एक मुलगा असतो, ज्याच्यावर काहीही ढकलता येतं. हिल्सनर ज्यू होता, म्हणजे ढकलणं आणखी सोपं.

सप्टेंबर १८९९ मध्ये कुत्ना होरा इथे खटला चालला. तारीख बघा: ९ सप्टेंबरला फ्रान्समध्ये ड्रेफसला दुसऱ्यांदा दोषी ठरवलं आणि १२ सप्टेंबरला हा खटला उभा राहिला. सगळ्या युरोपची वर्तमानपत्रं आधीच तापलेली. आनेझ्काच्या आईच्या वतीनं वकील होता कारेल बाक्सा, तरुण, राष्ट्रवादी, फर्डा वक्ता. रक्ताच्या गोष्टीचा धागा कोर्टात सगळ्यात जोरात त्यानंच ओढला. १६ सप्टेंबरला हिल्सनरला फाशीची शिक्षा झाली.

* * *

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. प्रोडक्शनमध्ये काही फुटलं की आपण काय करतो? लॉग बघतो. कोण काय म्हणतंय यापेक्षा काय नोंदलं गेलंय ते बघतो. या खटल्याचे 'लॉग' बघा.

प्रत्यक्ष खून बघितलेला कोणी नाही. हिल्सनरचा खुनाशी थेट संबंध जोडणारी एकही ठोस वस्तू नाही. मग आहे काय? साक्षीदार. त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या साक्षीदारानं सांगितलं की खुनाच्या संध्याकाळी त्यानं हिल्सनरला आणखी दोन अनोळखी ज्यूंबरोबर जंगलाच्या कडेला पाहिलं. किती लांबून? सुमारे ७०० मीटरवरून!

सातशे मीटर म्हणजे किती याचा अंदाज घ्यायचा असेल तर एखाद्या सरळ रस्त्यावर उभे राहा आणि पाच क्रिकेटची मैदानं ओळीनं ठेवलीत असं समजून पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखायचा प्रयत्न करा. माणूस आहे की खांब, इथपासून तयारी. आणि हा गृहस्थ माणूस कोण, सोबतचे कोण, सगळं सांगतोय. ज्यूरीनं ते ऐकून मान डोलावली.

दुसरी गोष्ट, साक्षीदारांची आठवण काळाबरोबर सुधारत गेली. सर्वसाधारण माणसाची आठवण दिवसांनुसार पुसट होते. इथे उलट, जसजसे महिने गेले तसतसे नवे साक्षीदार पुढे आले आणि जुन्यांना जास्त तपशील आठवू लागले. मधल्या काळात काय झालं होतं? सगळ्यांनी पेपर वाचले होते.

तिसरी गोष्ट, कबुली. शिक्षेनंतर तुरुंगात घाबरलेल्या हिल्सनरनं 'साथीदार' म्हणून दोन जणांची नावं घेतली. शोध घेतल्यावर कळलं की ते दोघे त्या दिवशी भलतीकडेच होते आणि त्याचा चोख पुरावा होता. मग त्यानं सगळंच मागे घेतलं. फाशी समोर दिसत असलेला माणूस काहीही बोलतो हे आज कुठल्याही पोलीस प्रशिक्षणात शिकवतात. तेव्हा मात्र त्याचा अर्थ लोकांनी असा काढला की हा लपवतोय.

आणि ते रक्त? प्रागच्या झेक वैद्यकीय विद्याशाखेनं नंतर अभिप्राय दिला की रक्त गायब वगैरे काही झालेलं नव्हतं. म्हणजे ज्या प्रश्नावर सगळी इमारत उभी होती तो प्रश्नच चुकीचा होता.

आता तुम्ही म्हणाल, अरे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची खेडवळ माणसं, अडाणी असणार. नाही! माझा या लेखातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. त्या काळचे झेक लोक साक्षरतेत युरोपात फार पुढे होते. १९०० च्या सुमारास नव्वद टक्क्यांच्या वर लोकांना लिहिता-वाचता येत होतं. पोल्नात १८९५ मध्येच संग्रहालय स्थापन झालं होतं. हे अडाणी गाव नव्हतं, हे पेपर वाचणारं गाव होतं. आणि पेपरातूनच विष आलं. खुनाच्या जागेची आणि हिल्सनरची पोस्टकार्डं छापून विकली गेली, लोकांनी ती एकमेकांना पाठवली. फॉरवर्ड करायला मोबाईल लागतोच असं नाही.

आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांचा एक लाडका समज असतो, की शिक्षण वाढलं की अफवा कमी होतात. पोल्ना सांगतं की शिक्षणानं अफवा वाचता येते, इतकंच. ती तपासायची की नाही हा वेगळा निर्णय असतो, आणि तो डिग्रीवर अवलंबून नसतो.

मग कशावर असतो? मला वाटतं, त्या अफवेत आपला काही फायदा आहे का यावर. झेक आणि जर्मन भाषिकांचं भांडण तेव्हा टोकाला गेलेलं. सरकारी कामात कुठली भाषा यावरून १८९७ मध्ये दंगे झाले होते. ज्यूंपैकी बरेच जण जर्मन शाळांत शिकलेले, म्हणून ते 'त्यांच्या बाजूचे' असा शिक्का. 'आपल्या माणसानं आपल्याच माणसाकडे खरेदी करावी' अशी मोहीम चालू होती, आणि तिचा पहिला फटका ज्यू दुकानदाराला. वर सांगितलं होतं ना, गावात सगळ्यांचं थोडं थोडं वाईट चाललेलं? अशा वेळी शेजारच्या दुकानदाराबद्दलची गोष्ट खरी असावी असं खूप जणांना मनापासून वाटत होतं.

* * *

या सगळ्या गर्दीच्या विरुद्ध एक माणूस उभा राहिला. टोमाश मासारिक, प्रागच्या झेक विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, वय ४९. तो ज्यू नव्हता, हिल्सनरला ओळखतही नव्हता. उलट मोराव्हियातल्या गरीब घरातल्या त्याच्या लहानपणी ही रक्ताची गोष्ट त्याच्याही डोक्यात भरवली गेली होती आणि ज्यूंच्या जवळून जायला आपल्याला भीती वाटायची, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलंय. विएन्नातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्यानं खटल्याबद्दल पत्र लिहिलं, ते पेपरात छापून आलं, आणि मग मागे फिरणं नाही. त्यानं खटल्याच्या नोंदी बारकाईनं वाचून एक पुस्तिका काढली आणि फेरतपासणीची मागणी केली. सरकारनं पुस्तिका जप्त केली.

आणि विद्यार्थ्यांनी काय केलं? त्याची व्याख्यानं उधळली. आरडाओरडा, शिट्ट्या, घोषणा. शेवटी विद्यापीठानं त्याची व्याख्यानं काही काळ बंद ठेवली. विद्यापीठातली तरुण, शिकलेली, देशप्रेमी पोरं होती ही. आपल्याच वयाची.

मासारिकला हे नवीन नव्हतं म्हणा. १८८६ मध्ये झेक राष्ट्राचा अभिमान असलेली दोन 'प्राचीन' हस्तलिखितं बनावट आहेत असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं तो उभा राहिला होता, तेव्हाही देशद्रोही ठरला होता. हस्तलिखितं खरंच बनावट होती. मला त्याचं हे फार आवडतं, की त्यानं दोन्ही वेळा एकच काम केलं: आपल्या लोकांना आवडणारी गोष्ट घेतली आणि पुरावा मागितला. दुसऱ्यांच्या खोट्या गोष्टी पकडणं सोपं असतं हो. घरच्या पकडून दाखवा.

विएन्नाच्या वरिष्ठ कोर्टानं निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला, या वेळी दूर पीसेकमध्ये. धार्मिक हत्येचा मुद्दा अधिकृतपणे बाजूला ठेवला गेला, पण दरम्यान आणखी एका मुलीचा, मारिए क्लीमोवाचा, जुना मृत्यूही हिल्सनरच्या माथी मारला होता. नोव्हेंबर १९०० मध्ये पुन्हा फाशीची शिक्षा. १९०१ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफनं ती जन्मठेपेत बदलली. मार्च १९१८ मध्ये सम्राट कार्लनं माफी दिली, तोवर हिल्सनरची जवळपास एकोणीस वर्षं तुरुंगात गेली होती. नाव बदलून तो विएन्नात राहिला आणि १९२८ मध्ये वारला. लक्षात घ्या, माफी मिळाली. निर्दोष असल्याचा निकाल कुठल्याही कोर्टानं कधीच दिला नाही.

बाकीच्यांचं काय झालं? हिल्सनरचा पहिला वकील झ्देन्को आउर्झेद्निचेक, त्याची वकिली बसली, लोकांनी त्याच्याकडे कामं नेणं सोडलं आणि शेवटी त्याला विएन्नाला जावं लागलं. मासारिक १९१८ मध्ये नव्या चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. वा, सत्याचा विजय, असं म्हणून इथे थांबायचा मोह होतो. पण थांबू नका. कारेल बाक्सा १९१९ मध्ये प्रागचा महापौर झाला आणि १९३७ पर्यंत राहिला. मधली दहा वर्षं तो देशाच्या घटना न्यायालयाचा अध्यक्षसुद्धा होता! एकाच शहरात एका टेकडीवर मासारिक आणि खाली महापालिकेत बाक्सा. लोकांना दोघेही चालले. मासारिक आज ५००० कोरुनाच्या नोटेवर आहे, म्हणून आपण समजतो की त्या देशानं त्याची बाजू घेतली होती. त्या वेळी घेतली नव्हती, हेच तर खरं.

* * *

पुढची गोष्ट लवकर सांगतो, कारण ती तुम्हाला माहीत आहे. नाझी आले. पोल्नात उरलेल्या ज्यूंना नेलं गेलं. युद्धानंतर तिथे ज्यू समाज पुन्हा उभा राहिला नाही. सिनेगॉगचं गोदाम झालं.

आणि मग मे १९४५. ते मघाचं रेल्वे स्टेशनवालं गाव आठवतंय? दोब्रोनीन. युद्ध संपल्यावर तिथल्या जर्मन भाषिक गावकऱ्यांपैकी काहींना एका कुरणात नेऊन मारलं आणि तिथेच पुरलं. त्यानंतर यिहलावाच्या सगळ्या जर्मन बेटालाच हद्दपार केलं गेलं. कुरणाबद्दल आसपासच्या जुन्या माणसांना माहीत होतं, पण कोणी बोलत नव्हतं. पासष्ट वर्षांनी, ऑगस्ट २०१० मध्ये, पोलिसांनी तिथे खोदलं आणि सांगाडे सापडले.

म्हणजे एका मोठ्या टेकडीवरून दिसेल इतक्याशा मुलुखात अर्ध्या शतकात तीन वेळा 'हे आपले नव्हेत' असं ठरलं. प्रत्येक वेळी बळी वेगळे. मारणारे, बघणारे, गप्प बसणारे मात्र साधारण तेच साधे लोक, बटाटे पिकवणारे, चर्चला जाणारे. जर्मनांना मारताना सूड होता, समजण्यासारखा राग होता, हे मान्य. पण कोणी काय केलं होतं याची चौकशी त्या कुरणातही झाली नाही. सातशे मीटरवरून बघितलं आणि ठरवलं.

* * *

आता माझा मुद्दा, आणि त्यावरचा आक्षेपसुद्धा.

पोल्नाच्या लोकांची एक तक्रार असते, आणि ती मला पूर्ण पटते. साडेसातशे वर्षांहून जास्त जुनं गाव, आणि जगाला माहीत काय तर एक खून. बोझेना न्येम्त्सोवा, झेक साहित्याची आजी म्हणावी अशी लेखिका, जी ५०० कोरुनाच्या नोटेवर आहे, ती १८४० ते १८४२ इथे राहिली. बोहुमिल ह्राबालचं अगदी लहानपण इथे गेलं, त्याचे वडील इथल्या ब्रुअरीत हिशेबनीस होते. गावाला इतकं काही असताना आमची ओळख हिल्सनरवरून का? आणि आज राहणाऱ्या माणसाचा त्यात काय दोष?

दोष काहीच नाही. पण मला वाटतं इथे दोष आणि जबाबदारी यांची गल्लत होते. माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेला कोड मी नोकरीला लागलो त्या दिवशी माझ्याकडे येतो. त्यातला बग मी घातलेला नसतो. पण "मी नव्हतो तेव्हा" असं म्हटलं म्हणून तो दुरुस्त होत नाही, आणि ज्यानं त्या बगची नोंद करून ठेवली त्याचे मी आभारच मानतो. गावाचंही तसंच. वारसा मिळतो तेव्हा चर्च तेवढं घ्यायचं आणि जंगल सोडून द्यायचं, अशी सोय नसते.

आणि पोल्नानं हे केलंय, म्हणून मी त्याला तेल्चच्या वर ठेवतो. २००० मध्ये दुरुस्त केलेल्या सिनेगॉगमध्ये ज्यू संग्रहालय उघडलं आणि हिल्सनर प्रकरण तिथे झाकून ठेवलेलं नाही. मी गेलो त्या शनिवारी आम्ही मोजून तीन माणसं होतो. कोपऱ्यात नाही, तळघरात नाही, नीट मांडलेलं आहे: आमच्या गावानं हे केलं. सोपं नाही हे. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे साक्षीदारांची नातवंडं-पतवंडं अजून राहतात. पर्यटकांना सुंदर चौक हवा असतो, नगरपालिकेला पर्यटक हवे असतात, आणि तरी हे मांडायचं.

माझी एक तक्रार मात्र राहते. या सगळ्या प्रकरणाला झेकमध्ये 'हिल्सनेरियादा' म्हणतात. मासारिकवर पुस्तकं आहेत, हिल्सनरवर पुस्तकं आहेत, या माझ्या लेखातही जास्त शब्द त्यांनाच गेले. आनेझ्का कुठे आहे? एकोणीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी, रोज जंगलातून एकटी घरी जाणारी. तिला कोणी मारलं हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. सगळ्या गावाला गुन्हेगार इतक्या घाईनं हवा होता की खरा गुन्हेगार बहुधा त्याच गर्दीत उभा राहून, त्याच बाजारात पोस्टकार्ड विकत घेत, म्हातारा होऊन मेला. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्यांना वाटत होतं की आपण आनेझ्काच्या बाजूचे आहोत. तिला न्याय मिळायची जी काय थोडी शक्यता होती, ती त्यांनीच पहिल्या आठवड्यात संपवली. जमावाबद्दल बोलताना आपण नेहमी चुकीनं पकडलेल्याचा विचार करतो. ज्याच्या नावानं जमाव गोळा होतो, त्याचंही तो वाटोळं करतो, हे पोल्नात जाऊन कळलं.

तर मंडळी, कधी ब्रनो किंवा प्रागला प्रोजेक्टवर गेलात तर एक शनिवार काढा. यिहलावापर्यंत ट्रेन किंवा बस, तिथून पुढे लोकल बस. शक्यतो सप्टेंबरच्या मध्यात जा, तेव्हा गावाची जत्रा असते. 'म्र्कवान्त्से' नावाच्या गोल भरलेल्या पोळीवजा गोड वड्या मिळतात. नाव गाजरावरून आलंय, पूर्वी सारण गाजराचं असायचं, आता नाशपाती, खसखस, काय वाटेल ते घालतात. चर्च बघा, किल्ला बघा, न्येम्त्सोवाचं गाव म्हणून बघा. मग खालच्या बाजूला ज्यू वस्तीत उतरा, सिनेगॉगचं तिकीट काढा आणि तासभर द्या. दुपारी तिथे गर्दी नसते.

पुढच्या शनिवारी जरा हलकं काहीतरी लिहितो. असो.